कायकची बुचं: कुठलं कधी बसवायचं, कसं बसवायचं आणि वर्षभर कसं सांभाळायचं

बामणोलीला, तापोळ्याला, धोमच्या जलाशयावर, इकडं सांगलीजवळ हरिपूरच्या संगमापाशी, आता बऱ्याच जणांकडं स्वतःची कायक, म्हणजे वल्ह्यानं चालवायची छोटी अरुंद होडी, दिसायला लागलीय. आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी एकच गोंधळ बघायला मिळतो: बसायच्या जागेतली भोकं घट्ट बुजवलेली आणि मागच्या टोकाचं खरं बूच उघडं नाहीतर अर्धवट फिरवलेलं. थोड्या वेळानं बोट जड लागते, एका बाजूला कलते, आणि मंडळी म्हणतात बोट फुटली. बोट फुटलेली नसते, बूच नीट बसलेलं नसतं एवढंच. म्हणून सगळं क्रमानं लिहितोय, कारण यात वस्तू दोन-चारशे रुपयांच्या आहेत पण क्रम चुकला की पाण्याच्या मधोमध अडकायची वेळ येते.

## आधी हे डोक्यात पक्कं करा: बुचं दोन जातीची असतात

पहिलं ड्रेन प्लग. हे बोटीच्या मागच्या किंवा पुढच्या टोकाशी असतं, आट्यांचं असतं, फिरवून बसतं. याच्या आत बोटीचं बंद पोट आहे, जिथं फक्त हवा असायला पाहिजे. हे उघडं राहिलं तर पाणी थेट पोटात.

दुसरी स्कपरची बुचं. सिट-ऑन-टॉप म्हणजे वर बसायच्या कायकमधे पायापाशी, सीटखाली, मागं सामान ठेवायच्या खळग्यात जी आरपार भोकं दिसतात ती स्कपर. वरून बघितलं तर खालचं पाणी दिसतं. नवीन माणसाला वाटतं की यातून पाणी आत शिरणार. नाही शिरत, कारण प्रत्येक भोक म्हणजे वरच्या पत्र्यापासून खालच्या तळापर्यंत ओतलेली एक बंद नळी आहे, तिचा पोटाशी काही संबंध नाही. ती भोकं वल्ह्यावरून गळलेलं, लाटेनं आलेलं, पावसाचं पाणी खाली जाण्यासाठी आहेत. वजन जास्त झालं की बोट खोल बसते आणि त्याच भोकांतून पाणी उलटं वर येऊन बूड भिजतं, तेवढ्यासाठी बुचं.

थोडक्यात, ड्रेन प्लग लावायचं की नाही हा प्रश्नच नाही, पाण्यात ते बंदच पाहिजे. स्कपरची बुचं लावायची की नाही हे पाणी, वारा आणि तुमचं वजन बघून ठरवायचं. लोक नेमकं उलटं करतात.

पाय आत घालून बसायची जी कायक असते तिला स्कपर नसतातच, तिला फक्त ड्रेन प्लग, तोही सगळ्याच मॉडेलला नसतो. हवा भरून फुगवायच्या कायकला तळाशी एखादं छोटं बूच असतं, शांत पाण्यात बंद ठेवायचं आणि घरी आल्यावर उघडून बोट पूर्ण वाळवायची, तिचं एवढंच. पुढचं सगळं कडक प्लास्टिकच्या बोटीसाठी आहे.

## टप्पा १: तयारी, आणि ही घरी करायची, नदीवर नाही

बोट अंगणात दोन जुन्या टायरवर किंवा लाकडाच्या दोन ओंडक्यांवर गोधडी टाकून ठेवा. जमिनीवर ठेवून काम करू नका, खालून बघता येत नाही आणि खडा टोचतो.

लागणारं सामान:

- जुना टूथब्रश आणि बाटली धुवायचा लांब ब्रश
- भांड्याचा साबण, बादली, सुती फडकं
- सिलिकॉन ग्रीस (आरओ फिल्टर दुरुस्त करणाऱ्यांकडं छोटी डबी मिळते)
- व्हर्निअर, नसेल तर साधी मोजपट्टी
- बारीक नायलॉन दोरी
- जुनी बुचं आणि ओ-रिंग (बुचावर बसणारी गोल रबरी रिंग), जशी असतील तशी

नवीन बूच विकत घ्यायचं असेल तर आधी माप. स्कपरचं भोक वरून आणि खालून वेगळ्या मापाचं असतं, नळी निमुळती असते, म्हणून दोन्ही बाजूंचा व्यास मोजा आणि प्रत्येक भोकाचा मोजा. एकाच बोटीत सीटखालची भोकं एका मापाची आणि मागच्या खळग्यातली दुसऱ्या मापाची, हे सर्रास असतं. ऑनलाइन सेट मागवताना "सगळ्यांना बसतं" असं लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, तुमच्या मापाशी ताडून बघा.

ड्रेन प्लगचं तर अजून वेगळं. प्रत्येक कंपनीचे आटे वेगळे, जाडी वेगळी, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) वेगळा. नुसतं बूच मिळवून जुन्या घरात (बूच ज्यात फिरवून बसतं त्या बोटीवरच्या आट्यांच्या तोंडात) जबरदस्तीनं फिरवलं तर घराचे आटे जातात आणि मग दोन्ही बदलावं लागतं. त्याच कंपनीचं बूच मिळत नसेल तर बूच आणि त्याचं घर असा पूर्ण सेटच घ्या, टप्पा ३ मधे तो कसा बसवायचा ते आहे.

ओ-रिंगसाठी मात्र बाहेरून मागवायची गरज नाही. कुपवाड, मिरज, सातारा एमआयडीसीच्या आसपास हायड्रॉलिक सील विकणारी दुकानं आहेत, जुनी रिंग घेऊन जा, आतला व्यास आणि रिंगची जाडी असं दोन मापांत सांगा. वायसर म्हणून मागाल तर चपटा रबर हातात येईल, ओ-रिंगच म्हणा. चार जादा घ्या. ईपीडीएम रबरची मिळाली तर उन्हाला जास्त टिकते, साधी नायट्राइलचीही चालते, फक्त वर्षाला बदलायची.

> तपासा: जुनी ओ-रिंग बोटाच्या पेराभोवती वाकवून उजेडात धरा. बाहेरच्या बाजूला केसासारख्या बारीक भेगा दिसल्या किंवा एका बाजूनं चपटी झाली असली तर टाकून द्या. ताणून गोल करून परत वापरायची नाही.

## टप्पा २: भोकं साफ करणं

हा टप्पा सगळेच गाळतात आणि बहुतेक गळती इथूनच चालू होते.

कृष्णेचा गाळ फार बारीक असतो. वाळल्यावर पिठासारखा होतो आणि ओला झाला की चिकट. ड्रेन प्लगच्या आट्यांत तो बसला की बूच फिरवताना करकर आवाज येतो आणि हाताला वाटतं घट्ट बसलं. प्रत्यक्षात ओ-रिंग अजून टेकलेलीच नसते. कोयनेच्या बॅकवॉटरला पाणी खाली गेलं की काठाला लाल माती आणि बारीक खडी असते, तिथला एक कण जरी ओ-रिंगखाली राहिला तरी त्या कणाच्या दोन्ही बाजूंनी केसाएवढी फट राहते. ओ-रिंग बोटावर घेऊन नखानं हळूच गोल फिरवत जा, कण असेल तर नखाला लागतो, डोळ्याला दिसत नाही.

क्रम असा ठेवा:

१. बूच पूर्ण काढा. ओ-रिंग त्यावरून बोटानं सरकवून काढा, स्क्रू ड्रायव्हरनं उचकटू नका, चर पडतो.

२. साबणाचं पाणी आणि टूथब्रशनं बुचाचे आटे धुवा, मग घराचे आतले आटे. ब्रश आट्यांच्या दिशेनं गोल फिरवायचा, आडवा घासायचा नाही.

३. ओ-रिंग जिथं टेकते ती गुळगुळीत कड ओल्या फडक्यानं पुसा आणि हाताचं बोट फिरवून बघा. खरबरीत लागलं तर अजून घाण आहे नाहीतर चरा आहे.

४. स्कपरच्या नळ्या बाटलीच्या ब्रशनं वरून आणि खालून. सांगलीकडच्या मंडळींनी इथं जास्त लक्ष द्या, नदीत केंदाळ (जलपर्णी) असतं तेव्हा त्याची काळी मुळं नळीत अडकतात आणि आतल्या कडेला गुंडाळून बसतात. त्यावर बूच ठोकलं की ते तिरकं बसतं.

५. सगळं स्वच्छ पाण्यानं धुवून सावलीत वाळू द्या.

> इशारा: पेट्रोल, थिनर, रॉकेल यातलं काही वापरू नका. रबर फुगतं आणि प्लास्टिकच्या भेगा वाढतात.

## टप्पा ३: ड्रेन प्लगचं नवीन घर बसवणं

तुमच्या बोटीला ड्रेन प्लग आहे आणि ठीक आहे तर हा टप्पा सोडून पुढं जा. घराचे आटे गेलेत, किंवा बोटीला ड्रेनच नाही आणि दर वेळी बोट उलटीपालटी करून हॅचमधून (पोटात हात घालायच्या झाकणाच्या तोंडातून) पाणी काढावं लागतंय, अशांसाठी हे आहे.

जागा ठरवणं. भोक पाडण्याआधी बोट रिकामी असताना एक टोक उचलून बघा की पाणी कुठल्या कोपऱ्यात गोळा होतं. सहसा मागच्या टोकाशी वरच्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या बरंच वर, सपाट जागा सापडते. बोट उलटी करून तेच टोक खाली केलं की पाणी तिथूनच निघतं. तळाला भोक पाडू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. तळाचं बूच काठावर ओढताना घासतं, आणि सैल झालं तर पाण्याखालीच सैल होतं. आतून हात घालून किंवा मोबाइलचा टॉर्च सोडून बघा की त्या जागेमागं फोमचा ठोकळा किंवा रडरची (सुकाणूची) केबल नाही ना.

भोक पाडणं. घराचा जो भाग आत जातो त्याचा व्यास व्हर्निअरनं मोजा आणि त्याच मापाचा होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) घ्या. आधी तीन मिलिमीटरचं मार्गदर्शक भोक. मग होल सॉ कमी वेगानं, हलक्या दाबानं. वेग वाढवला की हे प्लास्टिक कापलं न जाता वितळतं आणि कडेला गोळे धरतात. भोक झालं की ब्लेडनं कड साफ करा. आत पडलेला भुसा व्हॅक्युमनं किंवा पाणी ओतून काढून टाका, नाहीतर तोच भुसा पुढं बुचाच्या तोंडाशी येऊन अडकतो.

चिकटवणं. इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. या बोटी पॉलिइथिलीनच्या असतात, गच्चीवरची काळी पाण्याची टाकी असते तेच प्लास्टिक. याला सहसा काहीच चिकटत नाही. एमसीलसारखी पुटी, फेविक्विकसारखा गोंद, बाथरूमचं आंबट वासाचं सिलिकॉन, सगळं वाळल्यावर एका पापुद्र्यात निघून येतं. म्हणून घर स्क्रूनं धरलं जातं, आणि सीलंट फक्त मधली फट भरण्यापुरतं असतं. ब्यूटाइलची काळी चिकट पट्टी सगळ्यात चांगली, कारण ती कधी पूर्ण वाळून कडक होत नाही आणि बोट उन्हानं फुगली-आकसली तरी बरोबर हलते. ती नाही मिळाली तर मरीन ग्रेडचं पॉलियुरेथेन सीलंट.

क्रम: जागा बारीक सँडपेपरनं हलकी घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, वाळू द्या. घर कोरडंच ठेवून स्क्रूच्या खुणा करा, स्क्रूपेक्षा बारीक बिटनं भोकं पाडा. मग घराच्या कॉलरखाली (बाहेर राहणाऱ्या रुंद कडेखाली) सीलंटची अखंड रिंग, स्क्रूच्या भोकांभोवतीही थोडं. घर बसवा, स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू घ्या, आणि एक पूर्ण आवळून मग दुसरा असं नाही, सगळे थोडे थोडे आळीपाळीनं आवळत जा. कॉलरच्या कडेनं सगळीकडून थोडं सीलंट बाहेर आलं की थांबा. अजून आवळलं तर सगळं सीलंट बाहेर जाईल आणि कॉलर वाकेल. एखाद्या बाजूनं सीलंट आलंच नाही तर उघडून परत करा, वरून बोटानं लावून चालत नाही.

प्लास्टिक पातळ असेल आणि स्क्रू धरत नसेल तर मोठ्या पाकळ्यांचे पॉप रिव्हेट वापरतात, आत पाकळ्या उघडून पसरतात. साधे छोटे रिव्हेट नकोत, ते प्लास्टिकमधून ओढून बाहेर येतात.

पॉलियुरेथेन लावलं असेल तर ट्यूबवर लिहिलेला वेळ पूर्ण द्या, रविवारी जायचंय म्हणून शनिवारी रात्री बसवू नका.

## टप्पा ४: ओ-रिंग आणि बूच बसवणं

ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस अगदी थोडं. बोटाला लावून रिंग त्यातून एकदा ओढायची, रिंग फक्त चमकली पाहिजे. ढीगभर लावलं तर वाळू धरून बसतं. व्हॅसलीन, गाडीचं ग्रीस, खोबरेल तेल नको. ईपीडीएम रबर पेट्रोलियमच्या कुठल्याही वस्तूनं फुगतं आणि मऊ पडतं.

रिंग तिच्या खाचेत पीळ न पडता बसलीय का बघा. तिच्यावर एक बारीक जोडरेषा असते, ती एका ठिकाणी आत आणि एका ठिकाणी बाहेर दिसली तर पीळ आहे.

आता फिरवणं. बूच तोंडावर ठेवा आणि आधी उलटं फिरवा, उघडायच्या दिशेनं. कुठंतरी एक छोटासा टक असा धक्का हाताला जाणवतो, बूच किंचित खाली बसतं. तिथं आट्याचं तोंड सापडलं. आता सुलटं फिरवा. पहिले दोन वेढे दोन बोटांनी सहज गेले पाहिजेत. नाही गेले तर आटा चढलाय, लगेच उलटं फिरवून काढा. प्लास्टिकचे आटे एकदा चढवले की परत सरळ होत नाहीत.

टेकल्यावर पाव फेरा जास्त, बस. पाना, पक्कड, नाण्यानं जोर लावून फिरवणं बंद करा. सील करायचं काम ओ-रिंगचं आहे, आट्यांचं नाही. त्याच कारणानं नळाला गुंडाळतो तो टेफ्लॉन टेपही इथं लावायचा नाही, बूच पूर्ण खाली जात नाही आणि रिंग टेकत नाही.

शेवटी बुचाच्या कानाला दोरी बांधून बोटीच्या एखाद्या कडीला अडकवा. बुचं पाण्यात पडून हरवत नाहीत तेवढी काठावरच्या गवतात हरवतात.

> तपासा: बूच लावून बोटीचं ते टोक खाली करा आणि हॅचमधून आत दोन-तीन लिटर पाणी ओता. बुचाभोवती कोरडा टिशू पेपर दाबून पाच मिनिटं थांबा. डाग पडला तर ओ-रिंगपासून परत सुरू.

## टप्पा ५: स्कपरची बुचं बसवणं

आधी ठरवा किती लावायची. शांत पाणी, माणूस आणि सामानाचं वजन जास्त, थंडीचे दिवस: सीटखालची लावा. वारा असेल, लाटा असतील, पाऊस येईल असं वाटत असेल तर उघडी ठेवा. जलाशयावर सकाळी आरशासारखं पाणी असतं आणि दुपारनंतर वारा सुटतो, तेव्हा सगळी भोकं बंद असली तर लाटेनं आलेलं पाणी वरच साठून राहतं आणि बोट डोलायला लागते. बहुतेक जणांना सीटखालची बंद, पायापाशीची आणि मागची उघडी हीच रचना योग्य पडते. सगळी बंद करायचीच असली तर हाताशी एक मोठा स्पंज पाहिजे.

बूच वरून बसतं का खालून हे आधी बघा. वरून बसणाऱ्याला वर कडी किंवा दोरीचा फास असतो. खालून बसणाऱ्याला दोरी असते, ती भोकातून वर ओढून आवळतात. वरचं बूच खालून घातलं तर ते पहिल्या दगडाला घासून निघतं.

१. बूच आणि भोक दोन्ही ओलं करा. तेल, साबण नको, साबण लावलेलं बूच आपोआप बाहेर सरकतं.

२. तळहातानं दाबत थोडं फिरवा. हातोडी, दगड, पायाची टाच नको. स्कपरच्या नळीचा वरच्या आणि खालच्या कडेचा जोड हा बोटीचा सगळ्यात नाजूक भाग असतो, बूच ठोकून तिथं ताण दिला की बारीक भेग पडते आणि मग खरोखरच पाणी पोटात जायला लागतं.

३. कडी वरच्या बाजूला मोकळी राहिली पाहिजे. पाण्यात बसल्या जागी एका हातानं ओढून काढता येतंय का, करून बघा.

> इशारा: उन्हात तापलेल्या बोटीत बूच दाबू नका. तापल्यावर भोक थोडं मोठं होतं, बूच जास्त खोल जातं, आणि पाण्यात बोट गार झाली की ते असं आवळतं की घरी येऊन गरम पाणी ओतल्याशिवाय निघत नाही.

स्कपर कायमचे बुजवून टाकायचा विचार अनेकांच्या डोक्यात येतो. कृपा करून करू नका. ती भोकं तुमच्या सुरक्षेसाठी आहेत, कधीतरी उघडावी लागणारच.

## टप्पा ६: काठावरचा क्रम

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण इथंच घाई होते.

प्रवासात ड्रेन प्लग काढलेलं किंवा पूर्ण सैल पाहिजे. सातारा शहरापेक्षा कास पठार साधारण साडेचारशे-पाचशे मीटर उंच आहे, बामणोलीला जाताना तोच घाट चढायचा असतो. वर हवेचा दाब कमी, त्यात टपावर ऊन. बोट बंद असली की आतली हवा फुगते, बोटीचं पोट वर येतं, आणि ताण सगळा जोडांवर आणि हॅचच्या रबरवर.

काठावर पोचल्यावर उलटा प्रकार होतो आणि तो फार कमी जणांना माहीत असतो. बोट उन्हात तापलेली, आतली हवा गरम. तशीच बूच लावून गार पाण्यात ढकलली की आतली हवा आकसते आणि बाहेरून ओढायला लागते. ओ-रिंग किंवा हॅचचं रबर जरा जरी सैल असेल तर तिथून पाणीच ओढलं जातं. म्हणून:

१. बोट गाडीवरून उतरवून सावलीत ठेवा, सावली नसेल तर वरून चार बादल्या पाणी ओता.

२. सामान चढवा, सीट बांधा, वल्हं जोडा.

३. स्कपरची बुचं लावा.

४. हॅच बंद करा.

५. लाइफ जॅकेट घाला आणि बकल लावा.

६. सगळ्यात शेवटी ड्रेन प्लग, तोंड पुसून, ओ-रिंग बघून. आणि लावणाऱ्यानंच नाही तर बरोबरच्या दुसऱ्यानं हात लावून बघायचं. दोन बोटी असल्या तर एकमेकांच्या बोटीची बुचं बघा.

मग गुडघाभर पाण्यात पाच मिनिटं बोट तरंगत ठेवा, बसून आजूबाजूला कला. परत काठाला घ्या, मागचं टोक उचला, आतून पाण्याचा खळखळ आवाज येतो का ऐका. आला तर त्या दिवशी आत जायचं नाही, आधी कारण शोधायचं.

पोटात पाणी असलं की नुसतं वजन वाढत नाही. २० लिटर म्हणजे २० किलो, आणि हे वजन एका जागी थांबत नाही, तुम्ही उजवीकडं झुकलात की ते पण उजवीकडं धावतं. पाण्यात असताना बोट आळसावल्यासारखी वळायला लागली, मागचं टोक खाली गेलं, तर सरळ जवळच्या काठाला जा. मधेच ड्रेन प्लग उघडून बघायचं नाही. आणि पूर आलेल्या किंवा धरणातून पाणी सोडलेल्या नदीत, म्हैसाळसारख्या बंधाऱ्यांच्या जवळपास जायचंच नाही, तिथं कुठलंच बूच कामाला येत नाही.

## टप्पा ७: परत आल्यावर

बोट पाण्याबाहेर आली की पहिलं ड्रेन प्लग उघडा, ते टोक खाली करून सगळं पाणी एका भांड्यात काढा. भांड्यात का, तर मोजता येतं. पेलाभर पाणी हे हॅचमधून आणि आतल्या दमटपणानं येतंच, त्याची काळजी नको. दर वेळी लिटर-दोन लिटर निघत असेल तर गळती आहे.

गळती कुठं आहे ते शोधायचं असं: हॅच बंद करा. सगळ्या स्कपरच्या नळ्यांना आतून, ड्रेनच्या घराभोवती, हँडलच्या स्क्रूंना साबणाचा दाट फेस लावा. ड्रेनच्या भोकात पाइपचा तुकडा फडक्यानं घट्ट बसवून तोंडानं फुंका, दुसऱ्यानं फेसाकडं बघायचं. बुडबुडे जिथं येतील तिथं भेग. घराभोवती बघायचं असेल तेव्हा हवा दुसऱ्या एखाद्या भोकातून भरा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावू नका, जोड उसवतो.

स्कपरच्या नळीत भेग सापडली तर वर सीलंट फासून उपयोग नाही, प्लास्टिक वेल्डिंगच करावं लागतं, त्याच जातीच्या प्लास्टिकची काडी वापरून. पाण्याच्या टाक्या वेल्डिंग करणारे कारागीर आपल्याकडं गावोगाव आहेत, पण नळीचं प्लास्टिक टाकीपेक्षा पातळ असू शकतं हे त्यांना आधी सांगा आणि उष्णता कमी ठेवायला सांगा. अशा भेगा बऱ्याचदा स्कपरमधे दांडे घालून ओढायच्या गाड्यामुळं पडतात, दांड्यांची टोकं नळीच्या कडेवर बोटीचं सगळं वजन टाकतात. पट्ट्याची गाडी घ्या, किंवा दोघांनी उचला.

स्कपरची बुचं काढून धुवा आणि सुटी ठेवा. भोकात तशीच सोडली की आठ-पंधरा दिवसांत त्याच आकाराची दबून बसतात, पुढच्या वेळी सैल. जाळीच्या पिशवीत घालून सावलीत टांगा.

## टप्पा ८: पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात ठेवताना

बोट घरी असताना ड्रेन प्लग उघडं. बंद ठेवली तर आत दमट वास बसतो, आणि एप्रिल-मेमधे सांगलीच्या उन्हात पत्र्याखाली ठेवलेली बंद बोट फुगून तळाला खोलगट किंवा फुगीर आकार धरते.

पण उघडं म्हणजे मोकळं नाही. कुंभारीण माशीला असं भोक फार आवडतं, चार दिवसांत चिखलाचं घरटं बांधून मोकळी होते, आणि ते वाळलं की आट्यांत दगडासारखं बसतं. मच्छरदाणीचा तुकडा चौपदरी करून भोकात सैल खुपसा. घरटं झालंच असेल तर खरवडू नका, ओलं फडकं तासभर कोंबून ठेवा, चिखल विरघळतो. गोठ्यात, खोपीत बोट ठेवत असाल तर बुचं डब्यात ठेवा, उंदीर मऊ रबर सोडत नाहीत.

ओ-रिंग पूर्ण काढून, पुसून, थोडी पावडर लावून प्लास्टिकच्या पिशवीत. बुचावर ताणलेल्या अवस्थेत चार महिने ठेवली तर दिवाळीनंतर पहिल्याच फेरीला गळेल.

कधी बदलायचं: ओ-रिंग दर हंगामाला, दिसायला चांगली असली तरी. स्कपरचं बूच नखानं दाबल्यावर खूण तशीच राहिली किंवा कडी ओढताना बुडाशी चीर दिसली की. ड्रेन प्लगचा आटा एका ठिकाणी पांढरा पडला की. घराभोवतीचं सीलंट कडेनं उचललेलं दिसलं तर स्क्रू काढून जुनं सगळं खरवडून नवीन घाला, वरून थर देऊ नका.

बोटीच्या पिशवीत कायम राहू द्या: एक जादा ड्रेन प्लग, दोन ओ-रिंग, एक स्कपरचं बूच, ग्रीसची डबी, छोटा टूथब्रश आणि स्पंज.